शिष्यवृत्तीची फाइल मे महिन्यातच उघडा

तासगाव तालुक्यात बेदाणा शेडवरून उतरून कोल्ड स्टोरेजला गेला की घराला जराशी उसंत मिळते. खरड छाटणी उरकलेली असते, मुलांची बारावीची परीक्षा संपलेली असते. शिष्यवृत्तीच्या कामाला लागायचे दिवस हेच. बहुतेक घरांत मात्र हे काम प्रवेश झाल्यावर सुरू होतं, तेही कॉलेजच्या क्लार्कने ‘महाडीबीटीचा फॉर्म भरला का?’ असं विचारल्यावर. तोवर सेतू केंद्रात गर्दी उसळलेली असते, फळछाटणी तोंडावर आलेली असते, तलाठी गावात भेटत नाहीत, आणि एका दाखल्यापायी वर्षाची शिष्यवृत्ती हातची जाते. गुण कमी पडले म्हणून हुकलेल्या शिष्यवृत्त्या मी क्वचित पाहतो. कागद वेळेत नव्हता म्हणून हुकलेल्या मात्र दरवर्षी पाहतो, आणि त्याचं वाईट वाटतं, कारण हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखं असतं.

मे महिनाच का, तर उत्पन्नाच्या दाखल्यामुळे. शिष्यवृत्तीला मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न लागतं आणि ते वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे दाखला १ एप्रिलनंतरचा हवा. फेब्रुवारीत दुसऱ्या कामासाठी काढलेला दाखला ‘आहे की घरात’ म्हणून जपून ठेवला जातो आणि जुलैत तो चालत नाही असं कळतं. एप्रिल-मेमध्ये तलाठ्यांकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अहवाल घेऊन, सेतूत किंवा ‘आपले सरकार’वर अर्ज केला की निकाल लागायच्या सुमारास तहसीलदारांचा दाखला हातात पडतो. त्याच फेरीत वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र काढा. ते एकदाच काढावं लागतं. जमीन दोन हेक्टरच्या आत असेल तर अल्पभूधारक शेतकऱ्याचा दाखलाही काढून ठेवा. त्याला सातबारा आणि आठ-अ लागतो. या दाखल्याचा उपयोग पुढे सांगतो. आणखी एक गोष्ट: जात, उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर अशा दाखल्यांच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर आणा असं कुणी सांगितलं तर नम्रपणे हे लक्षात आणून द्या.

कागदांइतकाच मोठा अडसर आपल्या डोक्यात असतो. ‘आम्ही ओपनमधले, आम्हाला काय मिळणार?’ आणि ‘आमची द्राक्षबाग आहे म्हटल्यावर कोण देतंय?’ ही दोन वाक्यं मणेराजुरीपासून सावळजपर्यंत कुठेही ऐकायला मिळतात. दोन्ही चुकीची आहेत. राज्याची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या वर्गालाही आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क आणि निम्मं परीक्षा शुल्क शासन भरतं. हिचं मूळ आपल्याच मातीतलं. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली. तीच ‘ईबीसी सवलत’ आज जुनी माणसं सांगतात. या सवलतीवर खेड्यातल्या एका अख्ख्या पिढीने कॉलेज पाहिलं.

फीचा प्रश्न मोठा झाला तो नंतर, आणि त्यातही सांगलीचा संबंध आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तासगावातलं श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेचं महाविद्यालय त्यांच्याच नावाचं आहे. त्या निर्णयाने इंजिनिअरिंग जिल्ह्याच्या दारात आलं, पण लाखाच्या घरातली फीही सोबत आली. अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्याची फी तुलनेने किरकोळ असते. विनाअनुदानित कॉलेजातली फी घराचं कंबरडं मोडते. शिष्यवृत्तीचं गणित मांडताना आपण यातल्या कुठल्या बाजूला आहोत हे आधी पाहावं, कारण त्यावर पुढची निवड ठरते.

मुलींच्या बाबतीत तर चित्रच बदललं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्मं नव्हे, शंभर टक्के शासन भरतं. मुलीला ‘जवळचं काहीतरी’ घ्यायला लावण्याआधी आईवडिलांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मात्र यात दोन अटी आहेत आणि त्या फार जणांना महागात पडतात. पहिली अट: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. शेवटची फेरी व्हायच्या आत ‘सीट पक्की करून टाकू’ म्हणून घाई केली तर चार वर्षांची सवलत जाते. दुसरी अट संस्थेची: खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात बसत नाहीत. जाहिरातीतल्या चकचकीत कॅम्पसवर भुलण्याआधी विचारा, ‘महाडीबीटीवर तुमचं कॉलेज आणि हा कोर्स दिसतो का?’ उत्तर गोलमोल आलं तर समजून जा. आणि माफी शिक्षण व परीक्षा शुल्काचीच. विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि पुस्तकं यांचा खर्च वेगळा उरतो.

ओबीसी मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमात निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत आहे. त्यावरच्या कुटुंबांना फ्रीशिप आहे. हे सगळे अर्ज महाडीबीटीवरूनच होतात. इथे जातीच्या दाखल्याबरोबर जात पडताळणी लागते आणि खरा वेळ तिथेच जातो. ओबीसी आणि एसईबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा, जमलं तर पणजोबांचा कागद. शाळेच्या जुन्या रजिस्टरातला उतारा मिळतो का ते पाहा, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधा. मोडीत असेल तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं. हे काम महिन्यांचं आहे. मूल अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत सांगलीच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज द्या. बारावीच्या निकालानंतर पळापळ करणाऱ्यांच्या कपाळावरचा घाम पाहिलेल्या कुणालाही हे दोनदा सांगावं लागत नाही.

बागायतदारांचा गोंधळ क्रीमीलेअरवरून होतो. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची आठ लाखांची मर्यादा मोजताना शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला मात्र सगळं उत्पन्न मोजतात, आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएस दाखल्याला पाच एकरांची अटही आहे. मराठा समाजातल्या मुलांनी हे नीट समजून घ्यावं: राज्यातल्या प्रवेशाला एसईबीसीचा दाखला चालतो, पण आयआयटी, एनआयटी किंवा केंद्रीय विद्यापीठात एसईबीसी नाही. तिथे अटीत बसत असाल तर केंद्राचा ईडब्ल्यूएस दाखला लागतो. दोन दाखले, दोन वेगळे नमुने, दोन वेगळी कामं.

आता थोडी आकडेमोड. केंद्र सरकारच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक चांगली योजना आहे, पीएम-यूएसपी. बोर्डात आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्या, साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये मिळतात. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखीव आहेत. नियमात ‘ऐंशी पर्सेंटाइल’ असं असतं, ते ऐंशी टक्के गुण नव्हेत. आर्ट्सच्या मुलीला बोर्डात सत्तर-पंच्याहत्तर टक्के असतील आणि तिच्या शाखेतले ऐंशी टक्के विद्यार्थी तिच्या मागे असतील, तर ती पात्र. ‘मला ऐंशी नाहीत’ म्हणून अर्जच न करणाऱ्या कितीतरी मुली आहेत.

पण या योजनेसोबत दुसरी शिष्यवृत्ती किंवा राज्याची फी सवलत घेता येत नाही, म्हणून निवड करावी लागते. तासगावात अनुदानित कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीची फी काही हजारांत असेल, तर केंद्राचे बारा हजार तिच्या फायद्याचे. सांगली-इस्लामपूरकडे विनाअनुदानित इंजिनिअरिंगला गेलेल्या तिच्या बहिणीची लाखभर फी राज्य भरत असेल, तर बारा हजारांसाठी ती सोडायची नाही. एआयसीटीईच्या प्रगती शिष्यवृत्तीचंही तसंच. तंत्रशिक्षणाच्या पदवी किंवा पदविकेला पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, उत्पन्न मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. शासकीय तंत्रनिकेतनात, जिथे फीच कमी, तिथे ही फार मोलाची. भरपूर फी असलेल्या कॉलेजात राज्याची पूर्ण माफी अधिक मोलाची. म्हणून अर्ज करण्याआधी कॉलेजची फीची पावती पुढ्यात घ्या, त्यातलं शिक्षण शुल्क कोणतं ते बघा आणि मग ठरवा.

राहण्याचा खर्च हा खेड्यातल्या मुलाचा सर्वांत दुखरा भाग. सांगली-पुण्यात खोली आणि मेस मिळून फीइतकाच खर्च येतो. इथे मघाचा अल्पभूधारकाचा दाखला कामी येतो. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. रक्कम शहराप्रमाणे कमी-जास्त होते, मोठ्या शहरात जास्त. अर्जाला राहत्या जागेचा पुरावा लागतो, तेव्हा खोली घेतानाच घरमालकाकडून भाडेकरार लेखी करून घ्या. पुण्याला जाणाऱ्यांनी विद्यार्थी सहायक समितीच्या वसतिगृहांची चौकशी जरूर करावी. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये खेड्यातून आलेल्या मुलांसाठी सुरू केलेलं हे काम आजही चालू आहे.

आणि कमवा-शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. तिथून ही योजना महाराष्ट्रभर गेली. आपल्या अंजनीचे आर. आर. पाटील सांगलीच्या शांतिनिकेतनात श्रम करून शिकले आणि राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. कॉलेजच्या ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत रोज काही तास काम करण्यात कसलाही कमीपणा नाही. फक्त जागा मोजक्या असतात आणि नोटीस बोर्डावर चार दिवस लागून निघून जातात. प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थी कल्याण विभागात नाव द्या.

आता पैसा खात्यावर येण्याविषयी, कारण मंजूर झालेली रक्कमही इथे अडकते. शासनाची शिष्यवृत्ती तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खाते क्रमांकावर येत नाही. आधार ज्या खात्याशी ‘सीड’ आहे तिथे येते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार सीड झालं असं नव्हे. शाळेत असताना जिल्हा बँकेत एक खातं उघडलेलं असतं, आईने जनधनमध्ये दुसरं काढलेलं असतं, आणि मोबाइलच्या दुकानात अंगठा देऊन उघडलेलं पेमेंट बँकेचं तिसरं कुणाच्या लक्षातच नसतं. शेवटचं सीडिंग जिथे झालं, पैसे तिथे. म्हणून अर्ज करण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहा. तिथे बँकेचं नाव दिसतं. नको ती बँक असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन ‘एनपीसीआय मॅपिंग’चा फॉर्म भरा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. खातं बंद पडलेलं नाही ना, केवायसी झालंय ना, तेही त्याच फेरीत विचारा.

आधारला जोडलेला मोबाइल नंबरही चालू हवा. अनेकदा तो बाबांचा जुना, कधीच बंद झालेला असतो आणि ओटीपी येतच नाही. आधारवरच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतंय का पाहा. एक अक्षर इकडे-तिकडे झालं तरी पोर्टल अडवतं. दुरुस्ती मेमध्ये केली तर पंधरा दिवसांचं काम, सप्टेंबरमध्ये केली तर वर्ष जातं. आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. कॅफेवाल्याकडून फॉर्म भरून घेतलात तरी युजरनेम आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्या, मोबाइल नंबर आपलाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर टाकला की पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात. ‘कमिशन द्या, स्कॉलरशिप मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

सरकारी योजनांत न बसणाऱ्यांनी किंवा उरलेल्या खर्चासाठी खासगी न्यासांकडे जावं. कोटक कन्या बारावीनंतर व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आहे, रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती सगळ्या शाखांना आहे, लीला पूनावाला फाउंडेशन पुण्यात शिकणाऱ्या मुलींना मदत करतं. इथे दाखल्यांबरोबर स्वतःविषयी लिहावं लागतं आणि आपली मुलं तिथेच मार खातात. ‘मी अत्यंत गरीब, होतकरू व हुशार विद्यार्थिनी असून माझे स्वप्न पूर्ण करण्यासाठी कृपया मदत करावी’ असं शेकडो जण लिहितात. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘आमची सव्वा एकर द्राक्षबाग आहे. मागच्या हंगामात पावसाने मणी तडकले, माल बेदाण्याला गेला. सोसायटीचं पीककर्ज अजून फिटलेलं नाही. माझं शिक्षण शुल्क शासन भरतं. वसतिगृह आणि मेसचे वर्षाला साठ हजार लागतात, त्यातले पंधरा हजार मी कमवा-शिकामधून उभे करते. पंचेचाळीस हजार कमी पडतात.’ यात गयावया नाही, हिशोब आहे, आणि देणाऱ्याला आपली रक्कम नेमकी कुठे लागणार ते दिसतं. मराठीत आधी लिहून काढा, मग लागेल त्या भाषेत शिक्षकांच्या मदतीने न्या. आकडे खरेच लिहा. बरेच न्यास घरी येऊन किंवा फोन करून खातरजमा करतात.

सगळं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. सावकाराच्या किंवा अडत्याच्या उचलीपेक्षा ते केव्हाही बरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या प्रवेशासाठी तारण आणि जामीनदार लागत नाही. आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना तांत्रिक-व्यावसायिक शिक्षणाच्या काळातलं सगळं व्याज माफ होऊ शकतं. वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे त्यांचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँक मागे सरकते. ही गोष्ट शाखाधिकाऱ्यांपासून लपवू नका, पहिल्याच भेटीत सांगा आणि मार्ग विचारा.

अर्ज सबमिट झाला की बहुतेक जण निर्धास्त होतात. खरं तर तिथून अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाच्या. कुठल्याही टप्प्यावर तो ‘सेंड बॅक’ होऊ शकतो: दाखला अस्पष्ट, रेशनकार्डाचं पान राहिलं, हजेरी भरली नाही. दुरुस्तीला ठरावीक मुदत असते आणि मेसेज दरवेळी येतोच असं नाही. म्हणून दर रविवारी लॉगिन करून स्थिती पाहायची सवय लावा. अर्जाची छापील प्रत कॉलेजात देऊन पोच घ्या. विद्यार्थ्याच्या खात्यावर शुल्काची रक्कम आली तर ती लगेच कॉलेजला भरून पावती घ्या. घरात औषध-खताची उधारी कितीही टोचत असली तरी त्या पैशाला हात लावू नका, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडतो. दुसऱ्या वर्षी अर्ज आपोआप पुढे जात नाही, नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी हजेरी व निकाल दोन्ही पाहतात.

कॉलेजकडेच अर्ज पडून राहिला असेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, त्यावर अर्ज क्रमांक आणि तारीख टाका. तरीही हलला नाही तर पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत संबंधित कार्यालयाला पाठवा. उच्च शिक्षणासाठी ते कोल्हापूरचं विभागीय सहसंचालक कार्यालय, तंत्रशिक्षणासाठी पुण्याचं विभागीय कार्यालय, अनुसूचित जातीच्या योजनांसाठी सांगलीचं समाज कल्याण कार्यालय. तिथे प्रत्यक्ष जाण्याची वेळ आली तर सोबत अर्जाची प्रत, फीची पावती आणि सगळ्या मूळ दाखल्यांची फाइल न्या, आणि मुलाला किंवा मुलीलाच बोलू द्या.